मैना कोणत्या गावावर राहिली?

श्रोतेहो, 'माझी मैना गावावर राहिली' हे गाणं ठाऊक नाही असा माणूस आमच्या मंद्रूपच्या पंचक्रोशीत सापडणं कठीण. वरातीत बँडवाल्यानं ते धरलं, की काठी टेकणारे आजोबासुद्धा मान डोलावतात. चालच तशी आहे. तमाशातली छक्कड ती, ढोलकीवर उड्या मारत जाणारी. ऐकणाऱ्याला वाटतं, शृंगाराचं काहीतरी चाललंय.

सुरुवातीला तसंच आहे. गरिबीपायी मुंबईला निघालेला गडी मागं राहिलेल्या बायकोचं रूप आठवतो. निघताना तिला दागिन्यांची वचनं देतो, वज्रटीक काय, पुतळ्यांची माळ काय! तिची कळी काही खुलत नाही. मग मुंबई येते. तिथली बेकारांची गर्दी, श्रीमंतांची मिजास. आणि शेवटाकडे, चाल तीच ठेवून, बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावं येतात. मैना म्हणजे कोण, ते तिथं उमगतं.

अण्णाभाऊ साठ्यांनी ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात रचली. गोळीबारात शंभरावर माणसं गेली तो हा लढा. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव-कारवार म्हैसूर राज्यात गेले. 1960 साली मुंबईसह महाराष्ट्र झाला, तेव्हा डांग-उंबरगाव गुजरातेत गेले. अण्णाभाऊंच्या लाल बावटा कलापथकात अमरशेख होते, आपल्या बार्शीचे. भाषणाला न थांबणारा गिरणी कामगार छक्कडीला थांबतो, हे या मंडळींना पक्कं माहीत होतं.

पण त्याची किंमतही आहे. गाणं दागिन्यांपाशी तोडलं तरी नाचायला पुरतं, आणि बहुतेक वेळा ते तिथंच तोडतात. हे काही आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत ब्रूस स्प्रिंगस्टीनचं 1984 सालचं 'बॉर्न इन द यूएसए' कित्येकजण देशाभिमानाचं गाणं म्हणून गातात. आहे ते व्हिएतनामहून परतलेल्या, काम न मिळालेल्या सैनिकाचं.

आमच्या भागात तर गाण्याला आणखी एक पदर आहे. मंद्रूप सोलापूर-विजयपूर रस्त्यावरचं गाव. पुढं टाकळीला भीमेचा पूल, पलीकडे धूळखेड, म्हणजे कर्नाटक. घरात कन्नड आणि बाजारात मराठी अशी घरं आमच्याकडे कितीतरी. 1967 सालच्या महाजन आयोगानं महाराष्ट्रातली 247 गावं पलीकडे द्यावीत म्हटलं. जत, अक्कलकोट, सोलापूरही त्यात आले. शिफारस महाराष्ट्रानं मानली नाही. 2004 साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला; तरी 2022 च्या अखेरीस जत, अक्कलकोट, सोलापूर यांवरचा दावा बंगळूरूहून पुन्हा ऐकू आलाच. म्हणजे बेळगावची मैना आपण मागायची आणि इथली त्यांनी.

अण्णाभाऊंचा गडी मात्र नकाशा घेऊन भांडत नाही. त्याला ताटातूट सोसवत नाही, एवढंच. मला हे गाणं मोठं वाटतं ते त्यामुळं.

नागपंचमीला माहेरी आलेल्या लेकी परत इंडी-विजयपूरला निघतात, तेव्हा स्टँडवर जाऊन पाहा. बाप लेकीला निरोप देतो कन्नडमध्ये, आणि तिला खिडकीजवळची जागा द्या म्हणून कंडक्टरला सांगतो मराठीत.