दोन मिनिटांची ओळख



वर्षारंभी पहिल्या तासाला शिक्षक वर्गात येतो, फळ्यावर आपले नाव लिहितो, शिस्तीचे चार नियम सांगतो आणि हजेरीपट उघडतो. मुलांच्या मनात त्या वेळी निराळेच प्रश्न असतात. चुकले तर हा मनुष्य आपल्याला हसेल काय? हाही कधी आपल्यासारखा घाबरत असे काय? हे प्रश्न कोणी मोठ्याने विचारीत नाही, आणि म्हणून त्यांना उत्तरही मिळत नाही. ह्या उत्तरासाठी उपयोगी पडेल असे एक साधन गेल्या तीस वर्षांत हाती आले आहे. त्यास डिजिटल कथाकथन म्हणतात. स्वतःच्या आवाजात सांगितलेली आणि थोड्याशा छायाचित्रांच्या आधाराने उलगडणारी दोन-तीन मिनिटांची खरी हकीकत, एवढेच त्याचे स्वरूप होय.

ह्या प्रकाराचा उगम अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात झाला. डेना अ‍ॅच्ली नावाचा कलावंत रंगमंचावर एका पडद्यावर शेकोटी पेटवी आणि तिच्याशेजारी बसून, जुनी कौटुंबिक चित्रे दाखवीत, आपल्या आयुष्यातील प्रसंग सांगे. त्याने जो लँबर्ट आणि नीना मलेन ह्यांच्यासह १९९४ साली सान फ्रान्सिस्को येथे एक केंद्र काढले. १९९८ मध्ये ते बर्कले येथे गेले आणि २०१५ पासून 'स्टोरीसेंटर' ह्या नावाने ओळखले जाऊ लागले. तेथील कार्यशाळेत संगणकापूर्वी गोष्ट येते. सहभागी मंडळी प्रथम वर्तुळाकार बसून एकमेकांना आपापली हकीकत सांगतात. पुढे २००१ ते २००८ ह्या काळात ब्रिटनच्या बीबीसीने वेल्समध्ये हीच पद्धत गावोगावी नेली. तेथे सुमारे अडीचशे शब्द, डझनभर चित्रे आणि दोन मिनिटे असे माप ठरले होते. मराठीत विभक्तीचे प्रत्यय शब्दालाच जोडले जात असल्यामुळे तेवढ्याच वेळात शब्द कमी मावतात. दोनशेच्या आत थांबावे, हे बरे.

चित्र दाखवीत गोष्ट सांगणे भारतीयांना मुळीच नवे नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी, बंगालचे पटुआ, राजस्थानात फड उलगडून गाणारे भोपे हेच करीत आले. परंतु त्यांच्या कथा मुख्यतः देवादिकांच्या आणि वीरपुरुषांच्या. येथे सांगणाऱ्याला स्वतःविषयी बोलावे लागते, आणि शिक्षकाची खरी अडचण तीच आहे. त्याला एक तर संकोच वाटतो, नाही तर तो सत्कारसमारंभातील परिचयपत्र वाचू लागतो.

समजा, एखादी गणिताची शिक्षिका अशी चित्रफीत करावयास बसली. पहिल्या खर्ड्यात साहजिकच तिच्या पदव्या, पारितोषिके आणि नोकरीची वर्षे येतील. ते सारे तिने खुशाल खोडून टाकावे. तिचे वडील बसवाहक होते. रात्री घरी आल्यावर ते चटईवर सुट्या नाण्यांच्या चवडी लावीत आणि त्या मोजण्याचे काम लेकीकडे असे. एका रात्री तिच्या मोजणीत पाच रुपये कमी भरले. वडील रागावले नाहीत. त्यांनी चवडी मोडल्या आणि तिला पुन्हा मोजावयास बसविले. तिकिटांची पेटी, चटई, नाणी आणि वडिलांचे एक जुने छायाचित्र एवढी चित्रे ह्यास पुरतात. चुकणाऱ्या मुलाला ह्या बाईंच्या वर्गात काय वाट्याला येईल, हे ऐकणाऱ्या मुलाच्या ध्यानात येते. ते वेगळे सांगावे लागत नाही, आणि सांगूही नये.

साधनांविषयी फार बोलण्याची आवश्यकता नाही. २००४ साली आलेल्या 'फोटो स्टोरी ३' मध्ये प्रत्येक चित्रासाठी निवेदन वेगळे ध्वनिमुद्रित करता येई, त्यामुळे एक वाक्य चुकले तर सगळे पुन्हा बोलावे लागत नसे. नवशिक्या शिक्षकांना ही मोठीच सोय होती. 'विंडोज मूव्ही मेकर' हे अनेकांच्या हाती असलेले साधन २०१७ मध्ये बंद झाले. म्हणून चित्रे, आवाज आणि लिहिलेली संहिता निरनिराळी जपून ठेवावी. आज साध्या मोबाइल फोनवर हे सारे काम होते. पार्श्वसंगीताचा मोह मात्र आवरावा. बाईंचा आवाज किंचित कापत असेल तर तो तसाच राहू द्यावा.

मार्च २०२० मध्ये देशभरातील शाळा बंद झाल्या, तेव्हा असंख्य मुलांना आपले नवे शिक्षक प्रथम भेटले ते फोनच्या पडद्यावर. ज्या घरी फोन नव्हता अथवा तो वडिलांबरोबर कामावर जाई, तेथील मुलांना तेही भेटले नाहीत. ही उणीव चित्रफितीने भरून निघत नाही. म्हणून ती केवळ घरी पाठवून न थांबता वर्गातही सर्वांदेखत दाखवावी. पडदा लहान असेल तर मागच्या बाकावरील मुलांना चित्रे नीट दिसणार नाहीत. तेव्हा तयार झालेली फीत एकदा डोळे मिटून ऐकावी, आणि नुसत्या आवाजावर गोष्ट उभी राहते की नाही ते पाहावे.

चित्रफीत संपल्यावर लगेच मुलांकडून त्यांची कहाणी मागू नये. काहींच्या घरी सांगण्यासारखे नसते, काहींना सांगावयाचे नसते. एखादा मुलगा आठवड्याने मधल्या सुट्टीत येऊन, ते पाच रुपये शेवटी सापडले काय, असे विचारील. बाईंनी त्याला खरे तेच सांगावे.

आणि वडिलांचे छायाचित्र वर्गात दाखविण्यापूर्वी वडिलांना विचारलेले असावे.