शिलारसात घुसलेली विहीर
आज जाऊया आइसलँडला. तिथे क्राफ्ला ज्वालामुखीपाशी साडेचार किलोमीटर खोल विहीर खणायची होती, वाफेवर वीज करायला. पण २००९ साली दोन किलोमीटरच्या जरा खालीच ड्रिल अडकलं. वर काय आलं? काचेचे तुकडे! म्हणजे गार पाण्याने थिजलेला शिलारस. विहीर थेट वितळलेल्या खडकात घुसली होती. ती बुजवायची सोडून त्यांनी तिची वाफ मोजली: ४५० अंश सेल्सिअसच्या घरात! एका विहिरीतून तीसेक मेगावॉट वीज होईल एवढी. पण ही वाफ आम्लधर्मी, धातू खाणारी. २०१२मध्ये झडप निकामी झाली, विहीर थंड करून बंद करावी लागली. म्हणजे बघा, उष्णता फार लांब नाहीये. आपलं अडलंय ते तिला झेलणाऱ्या पाइपापाशी!