शिकविणाऱ्याचे शिकणे



आपल्या मंडळाच्या या वार्षिक संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आताच झाला. तो पाहून कोणाचा ऊर भरून येणार नाही? परंतु ज्यांची नावे या व्यासपीठावरून कधीच पुकारली जात नाहीत, अशीही मुले आपल्या घरांतून आहेत. त्यांच्या वतीने आम्ही चार शब्द बोलणार आहोत. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. शिक्षकाची पदविका घेऊन सारी हयात प्राथमिक शाळेत घालविली. विद्वत्तेचा अधिकार आमच्यापाशी नाही. खडू-फळ्याचा तेवढा आहे.

शिक्षकाने नोकरी लागल्यावर पुन्हा अभ्यास कशाला करावा, असे पुष्कळजण विचारतात. शिकविण्याची हातोटी उपजतच असावी लागते, असे काहींचे मत. तर प्रशिक्षण म्हणजे वेतनवाढीचा कागद, असे इतरांचे. या दोन्ही मतांत थोडे तथ्य आहे. पण वर्गात प्रत्यक्ष काय घडते, ते पाहिल्यावाचून निवाडा करू नये.

एक साधे उदाहरण घेऊ. बावन्नातून सत्तावीस वजा करावयाचे आहेत आणि मुलाने उत्तर लिहिले ३५. ‘लक्ष नाही’ असे म्हणून वहीवर लाल फुली मारणे सोपे आहे. अभ्यासू शिक्षक मात्र त्याच मुलाची आणखी दोन गणिते पाहतो. ६४ वजा ३८ यांचे उत्तर ३४, आणि ८१ वजा ४६ यांचे ४५. म्हणजे मूल बेफिकीर नाही. ते एक नियम कसोशीने पाळीत आहे. ‘मोठ्या अंकातून लहान अंक वजा करावा’ हा तो नियम. वरचा अंक कोणता आणि खालचा कोणता, याचा विचारच त्यात नाही. ब्राउन आणि बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ साली अशा चुकांची पद्धतशीर छाननी प्रसिद्ध केली. चुकीच्या मागेही रीत असते, हे त्यातून दिसून आले.

हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या वर्गाची रीतच पालटते. तो फुली मारण्याआधी ‘हे कसे केलेस, सांग पाहू’ असे विचारतो. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मुलापुढे ठेवतो. एक गठ्ठा सोडावयास लावतो. चार गठ्ठे आणि बारा सुट्या, हे डोळ्यांनी दिसले की मुलाचा नियम आपोआप गळून पडतो.

आपल्या भाषेचेही असेच आहे. ‘बावन्न’ या शब्दात दोन आधी ऐकू येतात आणि पन्नास मागून. म्हणून कित्येक मुले २५ लिहितात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘पन्नास दोन’ अशा वाचनाची जोड दिली गेली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद माजला. त्या वादात कोणी कोणतीही बाजू घ्यावी. परंतु मुलाची अडचण खरी आहे, हे शिक्षकाला माहीत असलेच पाहिजे.

अभ्यास म्हणजे मात्र नक्कल नव्हे. ताराबाई मोडक यांनी भावनगरास गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम करताना माँटेसरी पद्धतीचा अभ्यास केला. पुढे १९४५ साली बोर्डीस अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी काम आरंभिले, तेव्हा महागडी साधने बाजूस ठेवून गोटे, शिंपले, पाने आणि बिया त्यांनी मुलांच्या हाती दिल्या. तत्त्व अभ्यासातून आले, साधने अंगणातून आली.

बंधुभगिनींनो, वर्षभर वहीवर नुसत्या फुल्या पडल्या, की ‘ढ’ हा शिक्का शाळेत आणि घरातही बसतो. चूक कोठे झाली, हे मुलाला कळत नाही. आपण चुकतो, एवढेच कळते. मग त्याने शाळा सोडली तरी कोणी हळहळत नाही. एका न उमगलेल्या हातच्यापायी एक आयुष्य आखडावे, याहून मोठी हानी ती कोणती?

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा सांगितली आहे. ते तास केवळ हजेरीपटावर उरू नयेत. म्हणून ज्ञातीतील तरुण शिक्षक-शिक्षिकांना आमचे सांगणे आहे, की महिन्यातून एकदा एकत्र बसा आणि मुलांच्या चुकांच्या वह्या समोर ठेवून विचार करा. मंडळाने त्यांस जागा व थोडी पुस्तके द्यावीत. पालकांनीही ‘किती गुण पडले?’ या प्रश्नाआधी ‘कोठे अडतोस?’ असे मुलास विचारावे.

सत्काराचे हार गुणवंतांच्या गळ्यात पडोत. पण मागच्या बाकावरील मुलाची वही कोणीतरी नीट वाचो, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.