ऋणमुक्ती आणि घरदुरुस्ती : आधी काय?

(संस्थेच्या अभ्यासवर्गात सभासद व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय अगदी घरगुती आहे. डोक्यावर कर्ज आहे आणि वडिलार्जित घर मोडकळीस आले आहे. हातात चार पैसे आले तर ते कर्जात घालावेत की घरासाठी साठवावेत? पिशोरच्या निम्म्या घरांतून हा प्रश्न रोज विचारला जात असेल. आम्ही बँकेच्या काउंटरवर बसणारी माणसे. पासबुक पुढे सरकवताना लोक हाच प्रश्न हळू आवाजात विचारतात. तो आज मोठ्या आवाजात मांडू या.

प्रथम धम्मात याविषयी काय सांगितले आहे ते पाहू. भगवान बुद्धांनी गृहस्थांना पैशाविषयी काहीच सांगितले नाही, असा एक गैरसमज आहे. अंगुत्तर निकायातील अनण सुत्तात त्यांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली. संपत्ती असण्याचे, तिचा उपभोग घेण्याचे, ऋण नसण्याचे आणि निर्दोष आचरणाचे. ऋण नसणे हे एक स्वतंत्र सुख मानले आहे, हे ध्यानात घ्या. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत. एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी आणि चौथा संकटकाळासाठी राखून ठेवण्याचा. व्यग्घपज्ज सुत्तात 'समजीविता' म्हणजे आय पाहून व्यय हा उपदेश आहे आणि त्यासाठी तराजू धरणाऱ्या माणसाचा दृष्टांत दिला आहे. आपल्या आठवडी बाजारात तराजू सर्वांनी पाहिला आहे. आपल्या घराचा तराजू मात्र आपण क्वचितच पाहतो.

म्हणजे कर्ज काढणे हेच पाप, असे आम्ही म्हणत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. त्या काळात त्यांनी परळच्या चाळीत काटकसरीने संसार करून पैसे साठविले. शाहू महाराजांची मदत झाली आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये कर्ज घेऊन ते १९२० मध्ये लंडनला शिक्षण पूर्ण करण्यास गेले. बचत, मदत आणि कर्ज ही तिन्ही त्यात होती. परंतु ते कर्ज विद्येसाठी होते, आणि विद्येने माणसाची कमाई व कर्तृत्व दोन्ही वाढतात. आपल्या कर्जालाही हाच प्रश्न विचारा : या पैशाने पुढे काय वाढणार आहे?

आता आपल्या भागाकडे येऊ. अंजना नदीकाठच्या या गावात कोणी कपाशी-मक्याची शेती करतो, कोणी आल्याच्या भावावर वर्ष काढतो, कोणी मजुरी करतो, कोणी ऊसतोडीला जातो. ऊसतोडीला जाणाऱ्याने मुकादमाकडून घेतलेली उचल हेही कर्जच आहे. ती फिटली नाही तर पुढच्या हंगामाचे श्रम आधीच विकलेले असतात. त्यात लग्नकार्य, दवाखाना, दुकानाची उधारी आणि शेकडा तीनचा सावकार. मग एकाची टोपी दुसऱ्याला घालीत वर्ष निघते.

शेकडा तीन हा आकडा लहान वाटतो, कारण तो महिन्याचा असतो. वर्षाचे छत्तीस टक्के होतात, हे कोणी मोजत नाही. विद्यार्थ्यांनी वहीत हिशेब करावा. समजा, ४०,००० रुपये शेकडा तीनने घेतले आहेत आणि घरातून दरमहा ४,००० रुपये बाजूला निघू शकतात. पहिला मार्ग असा की, १,२०० रुपये व्याज द्यावयाचे आणि २,८०० रुपये घरासाठी साठवावयाचे. वर्षाअखेर ३३,६०० रुपये जमतात, मनाला बरे वाटते. परंतु १४,४०० रुपये व्याजात गेलेले असतात आणि मुद्दल ४०,००० तसेच उभे असते. दुसरा मार्ग असा की, सगळे ४,००० दरमहा सावकाराला द्यावयाचे आणि व्याज उरलेल्या मुद्दलावरच धरावयाचे. बाराव्या हप्त्यानंतर तीनशे रुपयांहूनही कमी बाकी राहते. पहिल्या मार्गाने गेलेला माणूस वर्षाअखेर ६,४०० रुपयांनी मागेच असतो, दुसरा जवळजवळ मोकळा होतो. तेराव्या महिन्यापासून तेच ४,००० घराकडे वळतात. दीड वर्षात ७२,००० होतात आणि तेही स्वतःचे.

ठेवीवर वर्षाला शेकडा सहा-सात मिळतात आणि सावकाराला शेकडा छत्तीस द्यावे लागतात. हा तराजू कोणत्याही शहाणपणाने समतोल होणार नाही. म्हणून क्रम लक्षात ठेवा. प्रथम आजारपणासाठी पाच-सात हजारांची पुंजी. नंतर सर्वांत महाग व्याजाचे कर्ज. ते फिटल्यावर बँकेचा हप्ता नियमित ठेवून घराची बचत सोबत चालू करता येते, कारण शेकडा बारा वार्षिक म्हणजे महिन्याला शेकडा एकच.

येथे एक सावधगिरी. 'सरसकट व्याज' आणि 'घटत्या शिलकीवर व्याज' यांत फार फरक आहे. ६०,००० रुपये तीन वर्षांसाठी बारा टक्के सरसकट दराने घेतले तर व्याज २१,६०० होते. तेच घटत्या शिलकीवर सुमारे ११,७५० होते. दर एकच, परंतु जवळजवळ दहा हजारांचा फरक! सही करण्यापूर्वी हा एक प्रश्न विचारण्यास लाजू नका. बदलत्या व्याजदराचे गृहकर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास बँकांनी दंड आकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच ठरविले आहे, हेही माहीत असू द्या.

कायदाही आपल्या बाजूने आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. मुद्दलापेक्षा अधिक व्याज सावकाराला वसूल करता येत नाही. अवैध सावकारीत गेलेली जमीन किंवा घर परत मिळावे म्हणून जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. मात्र त्यासाठी कागद लागतो. दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्या, निदान तारीखवार वही ठेवा. महिलांच्या बचत गटांचा मार्गही आहे. नाबार्डने १९९२ मध्ये गटांना बँकेशी जोडण्याचा उपक्रम सुरू केला. गटातील कर्जाचा दर बहुधा शेकडा दोन असतो आणि त्याचे व्याज गटातच, म्हणजे आपल्याच भगिनींकडे राहते. तरीही तो दर वर्षाचा चोवीस टक्के आहे. गटाचे कर्ज सावकार मिटविण्यासाठी घ्यावे, नव्या फरशीसाठी नव्हे.

आता घराकडे वळू. आपली जुनी घरे माती-दगडाच्या भिंतींची, लाकडी सरांची, वर पांढऱ्या मातीच्या माळवदाची. उन्हाळ्यात ती थंड असतात, हे खरे. परंतु दरवर्षी पावसाळ्यापूर्वी गळती थांबविण्यासाठी वर मातीचा थर वाढत जातो आणि छत जड होत जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर-धाराशिव भागात सुमारे दहा हजार माणसे गेली. दगड-मातीच्या सैल भिंती आणि त्यावरचे जड छत हेच अनेकांच्या मरणाचे कारण झाले. म्हणून वरच्या क्रमाला आम्ही एक अपवाद सांगतो. भिंत फुगली असेल, सर कुजला असेल, तर कर्ज लवकर फेडण्याआधी तेवढी दुरुस्ती करा. माणूस राहिला तर कर्ज फिटेल. पण 'शेजाऱ्याने स्लॅब टाकला' हे कारण अपवादात बसत नाही.

दुरुस्ती टप्प्याटप्प्याने करता येते. आपली घरे खणांत मोजलेली आहेत, ही मोठी सोय आहे. एका वर्षी एक-दोन खण घ्या. प्रथम भिंतीच्या पायथ्याशी साचणारे पाणी दूर काढा, कारण माती भिजली की भिंत खचते. त्यानंतर छत. वरचा जादा मातीचा भार उतरवून पत्रे टाकले तरी घर हलके होते. मग भिंती. शेवटी फरशी आणि रंग. आपण नेमके उलट करतो, दर्शनी भिंत आधी रंगवतो. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा टिकत नाही, आत ओल कोंडते आणि पापुद्रे सुटतात. मातीच्या भिंतीवर स्लॅब तर मुळीच टाकू नका. जाणत्या अभियंत्याला एकदा घर दाखवा. जुने सागवानी सर-खांब भंगाराच्या भावाने देऊ नका, ते पुन्हा वापरता येतात किंवा चांगल्या किमतीला जातात.

कागदाचेही एक काम आहे. गावठाणातील घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, तो मालकीचा पुरावा नव्हे. त्यामुळे बँका अशा घरावर कर्ज देण्यास कचरतात आणि आपला माणूस सावकाराच्या दारात जातो. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी करून मालमत्ता पत्रक देण्याचे ठरले. आपले पत्रक तयार झाले का, त्यावर भावंडांची नावे बरोबर आहेत का, हे पाहून घ्या. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास घरकुल योजना आहे. तिचे अनुदान बांधकामाच्या प्रगतीनुसार हप्त्यांनी मिळते. पहिला हप्ता लग्नात खर्च झाला तर जुने घर पाडलेले आणि नवे अर्धवट, अशी स्थिती होते. तो पैसा विटांसाठीच आहे.

मित्रहो, कर्ज हा केवळ पैशाचा विषय नाही. आपल्या मागच्या पिढ्यांनी सालगडी म्हणून राबून वडिलांचे कर्ज फेडले. वेठबिगार पद्धती कायद्याने बंद झाली ती १९७६ साली, म्हणजे फार जुनी गोष्ट नव्हे. ज्याच्या डोक्यावर सावकार असतो तो ग्रामसभेत मोकळेपणाने बोलत नाही, आणि कधी कधी मतही मोकळेपणाने देत नाही. मुलीची शाळा सुटते, ती पुष्कळदा हप्त्यामुळेच. कर्जमुक्त कुटुंब गळक्या छताखालीही ताठ मानेने बसते. स्लॅबखाली बसलेला कर्जबाजारी मात्र दारावर थाप पडली की दचकतो.

विद्यार्थ्यांना आम्ही एक काम देतो. आज घरी गेल्यावर आई-वडिलांजवळ बसून एका पानावर लिहा. कोणाचे किती देणे, कोणत्या दराने, वर्षाचे व्याज किती. तुम्ही शिकलेले गणित घराच्या उपयोगी पडेल असे हे पान आहे. आई-वडिलांना दोष देण्यासाठी ते लिहू नका, कारण त्यांनी ते कर्ज बहुतेक तुमच्यासाठीच काढलेले असेल. आणि सभासदांनी दर पौर्णिमेच्या बैठकीत दहा मिनिटे या विषयासाठी राखून ठेवावीत, अशी आमची विनंती आहे.