वाहतूक मेघात, उत्तरदायित्व भूमीवर



२०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालातील हा आकडा आहे. म्हणजे दररोज साडेचारशेहून अधिक घरांवर कुऱ्हाड कोसळली.

अपघाताची नोंद पोलिसांच्या दप्तरात, रस्त्याचा आराखडा अभियंत्याकडे, वाहनाची माहिती परिवहन कार्यालयात आणि जखमेचा तपशील रुग्णालयात, अशी विभागणी वर्षानुवर्षे चालत आली. एकाच वळणावर माणसे पुन्हा पुन्हा का मरतात, याचे उत्तर त्यामुळे कोणाकडेच नसे. या उणिवेवर उपाय म्हणून मद्रासची आयआयटी व राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र यांनी ‘आयरॅड’ ही प्रणाली विकसित केली. प्रारंभीच्या सहा राज्यांत महाराष्ट्रही होता. पोलीस कर्मचारी घटनास्थळावरूनच मोबाईलवर स्थान, छायाचित्रे व तपशील नोंदवतो आणि इतर विभाग त्याच नोंदीत आपली भर घालतात.

यासाठी प्रत्येक ठाण्यात स्वतंत्र संगणकव्यवस्था उभारावी लागत नाही. सॉफ्टवेअर दूरच्या केंद्रात चालते, वापर मात्र कोठूनही होतो. क्लाउड कम्प्युटिंग अर्थात मेघसंगणनाचे तत्त्व हेच. घरोघरी आड खणण्याऐवजी गावाने एकच नळयोजना करावी, तसा हा प्रकार आहे. खर्च वाटला जातो आणि सुधारणा सर्वांना एकाच वेळी मिळते.

परंतु नळ आला म्हणून आड बुजवणारे गाव नळ बंद पडताच तहानेने व्याकूळ होते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरमधील एका सदोष बदलाने जगभरातील लक्षावधी संगणक ठप्प झाले. भारतातील विमानतळांवरही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. चौकातील सिग्नलवर अशी वेळ आली तर? म्हणूनच चौकातील नियंत्रक यंत्रात स्वतःचे वेळापत्रक असले पाहिजे. केंद्राशी संपर्क तुटला, तरी लाल-हिरवा दिवा आपल्या क्रमाने चालू राहिला पाहिजे.

दुसरा प्रश्न माहितीच्या मालकीचा. वाहननोंदणीची व परवान्यांची माहिती घाऊक स्वरूपात विकण्याचे धोरण शासनाने २०१९ मध्ये आखले. खासगीपणाला बाधा येण्याची भीती व्यक्त झाल्यावर २०२० मध्ये ते मागे घ्यावे लागले. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला, तरी कायद्याला करारातील शब्दांची जोड हवी. एखादी महापालिका भाडेतत्त्वावर सॉफ्टवेअर घेते, तेव्हा माहिती कोठे साठवली जाणार, ती कोण पाहू शकणार आणि करार संपल्यावर ती वापरण्यायोग्य स्वरूपात परत मिळणार का, हे करारातच स्पष्ट लिहिलेले असावे. अन्यथा शहराची वाहतूक एका पुरवठादाराच्या दावणीला बांधली जाईल.

राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, अथवा दहा बळी गेले, तर तो ‘ब्लॅक स्पॉट’ मानला जातो. ही स्थाने शोधून देणे मेघसंगणनामुळे सुकर होईल. तेथील वळण सुधारणे, दुभाजक बांधणे, दिवे लावणे ही कामे मात्र माणसांनाच करावी लागतात. आपल्या परिसरातील अशा स्थानाची नोंद झाली का, आणि नोंदीनंतर काम झाले का, हे दोन प्रश्न जागरूक नागरिकांनी संबंधित अधिकाऱ्यांना व लोकप्रतिनिधींना सातत्याने विचारावेत. या प्रणालीचे खरे यश त्या उत्तरांतूनच मोजले जाईल.