चार वाजताची वाटी
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत आहार विभागातर्फे झालेल्या भाषणाचा मजकूर)



या वार्षिक सभेत शस्त्रक्रिया, बाह्यरुग्ण विभाग व नवी यंत्रसामग्री यांचा सविस्तर आढावा घेतला जातो. स्वयंपाकघराचा उल्लेख बहुधा आभारप्रदर्शनाच्या वेळी होतो. यंदा विश्वस्त मंडळाने आहार विभागाला स्वतंत्र वेळ दिला, याबद्दल आम्ही प्रारंभीच ऋण व्यक्त करतो. आमचा विषय आकाराने लहान आहे. वजन कमी करण्याचा सल्ला मिळालेल्या रुग्णाला दुपारी चार वाजता द्यावयाची, ताकाची किंवा कढणाची मसालेदार, घट्ट गोठलेली एक वाटी, एवढाच तो आहे. परंतु या वाटीच्या निमित्ताने आपल्या तालुक्याच्या आरोग्याविषयी काही बोलणे आम्हांस आवश्यक वाटते.

अकोले तालुक्याला दोन चेहरे आहेत. पश्चिमेच्या डांगाणात, डोंगरकपारीतील वाड्यावस्त्यांवर, कृश माता आणि कमी वजनाची बालके आजही आढळतात. पूर्वेकडे प्रवरेच्या काठी पाटाचे पाणी आले, ऊस आला, घरोघरी दुचाकी आली आणि बैठे काम वाढले. तेथून येणाऱ्या रुग्णांत मधुमेह, उच्च रक्तदाब आणि गुडघेदुखी यांच्याबरोबर वाढलेला कंबरेचा घेर दिसतो. देशाचे चित्रही असेच आहे. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 15 ते 49 वयोगटातील सुमारे 24 टक्के स्त्रिया अतिरिक्त वजनाच्या किंवा स्थूल होत्या, तर सुमारे 19 टक्के कृश होत्या. म्हणून एकाच रुग्णालयाच्या एकाच स्वयंपाकघराला एका खाटेवर उष्मांक वाढवावे लागतात आणि शेजारच्या खाटेवर कमी करावे लागतात.

स्थूलता केवळ डोळ्यांनी ओळखता येत नाही, हेही येथे सांगावयास हवे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांची छायाचित्रे शेजारी शेजारी छापली होती. दोघांचाही उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक 22.3 असा तंतोतंत सारखा होता. मात्र शरीरातील चरबीचे प्रमाण डॉ. युडकिन यांचे 9.1 टक्के, तर डॉ. याज्ञिक यांचे 21.2 टक्के निघाले. हातापायांनी सडपातळ आणि पोटाशी चरबी साठवणारा असा आपला देह आहे. म्हणूनच भारतीयांसाठी हा निर्देशांक 23 झाला की वजन अधिक आणि 25 झाला की स्थूलता मानावी, पुरुषांची कंबर 90 सेंटिमीटरच्या व स्त्रियांची 80 सेंटिमीटरच्या आत असावी, असे तज्ज्ञांनी ठरविले आहे. "आमचे दादा कुठे जाड आहेत?" हा नातेवाइकांचा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर मोजपट्टीच देऊ शकते.

आता चार वाजण्याकडे वळू. पथ्य सांगितलेला रुग्ण सकाळी निष्ठेने वागतो. दुपारची भाकरी-भाजीही मोजून खातो. पथ्य मोडते ते दुपारच्या चहाबरोबर. चहाशेजारी बशीत शेव-फरसाण येते, कोणी वडापाव आणतो. शंभर ग्रॅम शेवेत सुमारे 550 उष्मांक असतात आणि एका वडापावात सुमारे 300. एका चहातील दोन चमचे साखरेतूनच सुमारे 40 उष्मांक येतात, आणि असे चहा दिवसातून चार-पाच होतात. या वेळची भूक पुष्कळदा पोटाइतकीच जिभेची असते. तिला तिखट, आंबट, खारट असे काहीतरी हवे असते. अशा वेळी "काहीच खाऊ नका" असे सांगून भागत नाही. हातात दुसरे काही द्यावे लागते.

ते दुसरे काही म्हणजे ही वाटी. तिच्यामागील तत्त्व सोपे आहे. पाण्याला उष्मांक नसतात, परंतु प्यायलेले पाणी पोटातून लवकर पुढे सरकते. तेच पाणी मसाल्यासह गोठवले की ते चावून खावे लागते, वेळ जातो आणि खाल्ल्याचे समाधान मिळते. परदेशात यासाठी जिलेटिन वापरण्याची पद्धत आहे. जिलेटिन हे जनावरांची कातडी व हाडे यांपासून काढतात. आपल्याकडील अनेक कुटुंबे माळकरी आहेत, काही जैन आहेत. त्यांच्या ताटात काय पडते हे त्यांना ठाऊक असणे हा त्यांचा हक्क आहे. म्हणून आम्ही किराणा दुकानात 'चायना ग्रास' या नावाने मिळणारे अगर-अगर निवडले. ते समुद्रातील लाल शेवाळापासून बनते. आपल्या देशात तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, मंडपम व रामेश्वरमच्या परिसरात, असे शेवाळ गोळा केले जाते.

श्रद्धेखेरीज या निवडीला व्यवहाराचेही कारण आहे. जिलेटिनचे पदार्थ 30 ते 35 अंश सेल्सिअसला वितळू लागतात. अकोल्याच्या एप्रिल-मे महिन्यात शीतकपाटाबाहेर काढलेली वाटी रुग्णापर्यंत पोहोचेतो तिचे सरबत व्हावयाचे. अगर मात्र 40 अंशांच्या खाली आपोआप गोठते आणि एकदा गोठले की सुमारे 85 अंशांपर्यंत वितळत नाही. शिवाय कच्चे आले, कच्ची पपई किंवा अननस यांतील पाचक द्रव्ये जिलेटिनला गोठूच देत नाहीत. अगरला त्यांची बाधा होत नाही. आल्यावाचून आपला मसाला तो कसला?

आपल्यापैकी अनेकांनी याच रुग्णालयाच्या प्रयोगशाळेला साहाय्य केले आहे. त्यांना ऐकून कौतुक वाटेल की तेथे रोगजंतू वाढविण्यासाठी ज्या काचेच्या बशा वापरतात, त्यांतील थरही अगरचाच असतो. 1881 मध्ये जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत डॉ. वॉल्टर हेसे काम करीत होते. उन्हाळ्यात जिलेटिन वितळे आणि काही जंतू ते फस्त करीत. त्यांच्या पत्नी फॅनी हेसे घरी जेलीसाठी अगर वापरीत असत. त्यांनी ते सुचविले. 1882 मध्ये क्षयाच्या जंतूविषयीच्या आपल्या निबंधात कॉख यांनी अगरचा उल्लेख केला, फॅनी यांचा मात्र केला नाही. स्वयंपाकघरातून प्रयोगशाळेत गेलेली ही वस्तू आम्ही पुन्हा स्वयंपाकघरात आणली आहे, एवढेच म्हणता येईल.

घरी करू इच्छिणाऱ्या भगिनींसाठी कृती सांगतो. दहा ग्रॅम चायना ग्रासचे तुकडे करून अर्धा तास पाण्यात भिजवावेत. मग निथळून अर्धा लिटर पाण्यात मंद आचेवर उकळावेत. एकही दोरा दिसेनासा होईपर्यंत, म्हणजे सात-आठ मिनिटे, ढवळत राहावे. दुसरीकडे साय काढलेल्या दुधाच्या दह्याचे अर्धा लिटर पातळ ताक करावे. त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड, किसलेले आले, वाटलेली हिरवी मिरची, बारीक चिरलेली कोथिंबीर आणि चिमूटभर सैंधव घालावे. ताक फ्रिजमधले थंडगार नसावे, कोमट असावे. थंड ताकात अगरच्या गुठळ्या होतात आणि विस्तवावर ठेवलेले ताक फाटते. अगरचे पाणी उतरवून दोन मिनिटे थांबावे, मग बारीक धारेने ताकात ओतून सारखे ढवळावे आणि ताटात पसरावे. अर्ध्या तासात वड्या पडतात. एका लिटरच्या आठ वाट्या होतात आणि एका वाटीत साधारण 10 ते 20 उष्मांक असतात. लिंबू किंवा आमसूल वापरावयाचे असल्यास ते नेहमी शेवटी, विस्तव काढल्यावर घालावे. आंबटाबरोबर उकळल्यास अगरची गोठण्याची शक्ती जाते.

याच पद्धतीने टोमॅटोचे सार गोठवता येते. आम्हांस विशेष आवडलेला प्रकार मात्र हुलग्याच्या कढणाचा आहे. हुलगे शिजवून वरचे कढण घ्यावे, त्यात लसूण, जिरे, मिरी आणि शेवटी आमसूल घालावे. अशा वाटीत ताकाच्या वाटीपेक्षा उष्मांक थोडे अधिक असतात, परंतु चव भरदार असते आणि उरलेले हुलगे उसळीला येतात. हुलगा हे आपल्या डोंगराळ भागाचे जुने कडधान्य असून त्यात शंभर ग्रॅममागे सुमारे 22 ग्रॅम प्रथिने असतात. याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या, 2020 च्या पद्मश्री सन्मानाच्या मानकरी राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जपण्याचे केवढे काम केले आहे, हे येथे वेगळे सांगावयास नको. बियाणे टिकते ते त्याचे धान्य ताटात टिकले तरच.

या वाटीने वजन उतरते काय, असा प्रश्न आपण विचाराल. जपानमध्ये 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मधुमेह किंवा मधुमेहपूर्व अवस्था असलेल्या 76 स्थूल रुग्णांना पथ्याहार देण्यात आला. त्यांतील एका गटाला त्यासोबत अगरही दिले गेले. बारा आठवड्यांनी अगर घेणाऱ्यांचे वजन सरासरी सुमारे 2.8 किलो, तर इतरांचे सुमारे 1.3 किलो उतरले. फरक खरा आहे, पण तो दीड किलोचा आहे, आणि पथ्य दोन्ही गटांनी पाळले होते. ही वाटी चरबी जाळत नाही. तिचे सारे मोल तिने बाजूला सारलेल्या बशीत आहे. फरसाणाऐवजी घेतली तर लाभ, फरसाणानंतर घेतली तर तिचा काहीच उपयोग नाही.

म्हणूनच काही मर्यादा स्पष्टपणे सांगणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. ही वाटी जेवण नव्हे. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णाने जेवणाऐवजी ती खाल्ली, तर रक्तातील साखर धोकादायक रीतीने घसरू शकते. रक्तदाब व मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी मीठ किती घालावे, हे डॉक्टरांनाच विचारावे. लहान मुले आणि गिळण्यास त्रास होणारे वृद्ध यांना ती देऊ नये. घट्ट वडी घशात अडकू शकते. आतड्याच्या अडथळ्याचा विकार असल्यासही ती वर्ज्य आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गरोदर माता, क्षयरुग्ण आणि कृश व्यक्ती यांच्यापुढे ही वाटी कदापि ठेवू नये. त्यांना पोट भरल्याचा भास नको आहे, त्यांना अन्न हवे आहे. त्यांच्या वाट्याला शेंगदाण्याचा लाडू, अंडे, दूध आणि वरणभातच आला पाहिजे. एकाच ट्रॉलीवरून दोन वाट्या निघतात. कोणती कोणाला द्यावयाची, यातच आहारशास्त्राची कसोटी आहे.

शेवटी देणगीदारांना आणि नातेवाइकांना एक नम्र विनंती. घरातील वाढदिवस, वडिलधाऱ्यांचे स्मरणदिन अशा प्रसंगी आपण आमच्या रुग्णांची आठवण ठेवता. पेढे, जिलेबी, बिस्किटांचे पुडे घेऊन येता. या प्रेमाची किंमत आम्ही जाणतो. परंतु ती पेटी ज्या कक्षात उघडली जाते, तेथे मधुमेहाचा रुग्ण अंथरुणावर असतो आणि नकार देणे त्याला जड जाते. आपण तो दिवस स्वयंपाकघराला द्यावा. एका दिवसाचे ताक, पाच किलो हुलगे, शेंगदाणे, गूळ, अंडी यांपैकी जे जमेल ते. कोणाला काय द्यावयाचे ते आम्ही वजन-उंचीच्या नोंदीवरून ठरवू आणि आपल्या प्रियजनांचे नाव त्या दिवसाच्या फळ्यावर आदराने लिहू.

नातेवाइकांनी एवढेच करावे की रुग्ण घरी परतल्यावर चार वाजता त्याच्या एकट्यासमोर ही वाटी ठेवून इतरांनी फरसाण खाऊ नये. पथ्य एकट्याचे झाले की ती शिक्षा होते. घरातील निरोगी मोठ्या माणसांनीही ते पाळले तर तो घराचा रिवाज होतो आणि रिवाज टिकतो.

 सभेनंतर व्हरांड्यात ताकाच्या व हुलग्याच्या वाट्या मांडल्या आहेत, शेजारी मोजपट्टीही ठेवली आहे. दोहोंचा लाभ घ्यावा, ही विनंती.