स्वस्त कुपी आणि धुळ्याचा रस्ता
(पिंपळनेर येथील भाषणाचा गोषवारा)



अर्थशास्त्राच्या माणसाने औषधावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु या औषधाचा प्रश्न वैद्यकाचा कमी आणि वाटपाचा अधिक आहे.

आपल्या पश्चिम पट्ट्यात भातलावणी सुरू झाली की सर्पदंशाचे रुग्ण येऊ लागतात. त्यांना द्यावयाचे प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून बनते. मुंबईच्या हाफकिनने ते दीर्घकाळ बनविले. हे परके प्रथिन अंगात जाताच काहींना तीव्र अ‍ॅलर्जी होते. अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो, श्वास कोंडतो, रक्तदाब कोसळतो. मधमाशीच्या दंशाने वा पेनिसिलिनच्या सुईनेही एखाद्याला असेच होते. यावर पहिला उपाय अ‍ॅड्रेनलिन: प्रौढास अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत, आणि तेही तत्काळ.

जोकिची ताकामिने या जपानी शास्त्रज्ञाने ते १९०१ साली शुद्ध स्वरूपात वेगळे केले. पेटंट केव्हाच संपले. आपल्याकडे त्याची कुपी एक-दोन कप चहाच्या किमतीत मिळते. अमेरिकेत मात्र हेच औषध आपोआप टोचणाऱ्या नळीत भरले गेले, आणि २००७ साली सुमारे शंभर डॉलरला मिळणारी दोन नळ्यांची जोडी २०१६ साली सहाशेच्या वर गेली. मक्तेदारी म्हणजे काय, हे मी आयुष्यभर वर्गात शिकविले. इतके उघडेनागडे उदाहरण तेव्हा हाती नव्हते!

आपली अडचण निराळी आहे. कुपी स्वस्त आहे, पण 'प्रतिविष टोचले आणि रिअ‍ॅक्शन आली तर?' या धास्तीने रुग्णाला पुढे धाडले जाते. पिंपळनेरहून साक्री, साक्रीहून धुळे. विष वाटेत थांबत नाही. रिअ‍ॅक्शन आवरता येते, गेलेला वेळ परत आणता येत नाही. यात एकट्या डॉक्टरला दोषी धरणे मला अन्यायाचे वाटते. मध्यरात्री तो एकटा, दाराशी नातेवाइकांचा जमाव, आणि काही बरेवाईट झाले तर मार त्यालाच. पण हे काम खेड्यात होऊच शकत नाही, असे मात्र नव्हे. विंचूदंश हा वेगळा विषय, तरी डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावरील आपले काम रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातच सुरू केले होते.

येत्या ग्रामसभेत मी दोनच गोष्टी विचारणार आहे. प्रतिविषाच्या बाटलीशेजारी अ‍ॅड्रेनलिनची मुदत न संपलेली कुपी आहे काय? आणि रात्रपाळीच्या परिचारिकेला ती टोचण्याचे शिक्षण व लेखी अधिकार दिले आहेत काय? आपणही या.